पडद्यामागची पहिली रांग

माझा हात माझ्या तोंडाच्या आधी चालतो. मी तेरा वर्षांची असताना आळीतल्या एका पोराने माझ्या दादाला "ए वेड्या" म्हणून हाक मारली. मी त्याला काही बोलले नाही, सरळ दगड घातला. त्याच्या कपाळाला टाके पडले, मला घरी वडिलांचा मार बसला आणि दुसऱ्या दिवसापासून आळीत त्या शब्दाला बंदी झाली. म्हणजे मला ऐकू जाईल एवढ्या अंतरात तरी. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि त्याचा आजार त्या वर्षीच सुरू झाला होता. तेव्हापासून तो शब्द कानावर पडला की माझ्या तळहाताला मुंग्या येत. मोठी झाले, इंजिनियर झाले, तरी मुंग्या काही गेल्या नाहीत.

विमानाच्या साध्या वर्गात आरामात कसं बसायचं, हे लोक हौसेने विचारतात. मी ते जिवाच्या आकांताने शिकले, कारण त्याआधी दादाला मी आगगाडीने बंगलोरला आणलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इलेक्ट्रॉनिक सिटीत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि मनाच्या आजारांचं मोठं इस्पितळ बंगलोरला आहे, तिथे दादाला दाखवावं असं घरी ठरलं. दादाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: त्याच्या गुडघ्यांना परक्याचं काही टेकलेलं त्याला चालत नसे. का, ते डॉक्टरांनाही कधी सांगता आलं नाही. गाडीत समोरच्या बाकावरच्या माणसाने झोपेत पाय लांब केले आणि त्याचे गुडघे दादाच्या गुडघ्यांना लागले. दादाने त्याच्या नाकावर बुक्की मारली. मग सगळा डबा दादावर तुटून पडला. चपला, बुक्क्या, कुणाचा तरी पितळी तांब्या. त्याचे समोरचे दोन दात पडले. मी मधे पडले तर मलाही बसल्या, मीही एकाच्या दंडाला कडकडून चावले. शेवटी ते म्हणाले, मारणाऱ्याला बांधून ठेवा, नाही तर पुढच्या स्टेशनावर उतरा. पुढचं स्टेशन कुठलं ते मला माहीत नव्हतं.

मी माझी ओढणी काढली आणि दादाचे दोन्ही गुडघे एकत्र बांधले. बाकीचे त्याला धरून होते, पण गाठ मी मारली. पहाटेपासून बंगलोर येईपर्यंत तो संडासाशेजारी तसाच बसून होता आणि माझ्याकडे एकदाही बघत नव्हता. इस्पितळात डॉक्टरांनी त्याचा लेंगा वर केला, ओढणीचा करकचून उमटलेला वळ बघितला आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हणाले, "गाडीतल्या लोकांनी."

तीन महिन्यांनी दादा पुष्कळ सुधारला. घरी न्या, म्हणाले. आणि मी मनाशी ठरवलं, की याला आता पुण्याला न्यायचं ते मोकळ्या पायांनी. परत बांधायची वेळ आली तर मी त्याची बहीण म्हणवून घेणार नाही. गाडी नको म्हणजे विमान. दीड तासाचा तर प्रश्न होता.

आमचा ऑफिसातला साहेब महिन्यातून दोनदा दिल्लीला जायचा. मी त्याला खोटंच सांगितलं, की वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना विमानात नीट बसवायचंय. त्याने चहा पिता पिता सगळं ज्ञान दिलं. साहेबी वर्गाच्या पाठीमागे एक पडदा असतो. त्या पडद्यामागची पहिली रांग मागायची. तिथे पुढे सीट नाही, म्हणजे कोणी आपल्या अंगावर पाठ टाकत नाही, आणि गुडघ्यांसमोर हातभर जागा असते. फोनवर सीट मिळत नाही, विमानतळावर जो आधी पोचेल त्याला मिळते. बूट सैल करायचे. पोट तट्ट भरून बसायचं नाही. कानात घालायला कापूस देतात, तो घ्यायचा. "आणि खिडकी घे," तो म्हणाला, "खिडकीतल्या माणसाला ओलांडून कोणाला जावं लागत नाही."

ते शेवटचं वाक्य मी घोकलं. कडेच्या सीटवर दादा बसला तर येणाऱ्याजाणाऱ्याची बॅग त्याच्या गुडघ्याला लागणार. मधल्या सीटवर बसला तर एका बाजूला परका माणूस. खिडकीत तो आणि त्याच्या शेजारी मी, याला पर्याय नव्हता.

चिकपेटेत जाऊन मी त्याच्यासाठी सैल पायाचे दोन लेंगे घेतले. दुकानदार ठाणावर ठाण उलगडत होता आणि शेजारची बाई त्याला तोंडावर "वेडा, वेडा" म्हणत होती. तो आपला हसतोय. बंगलोरची माणसं भारीच शांत, असं मला वाटलं. सहा महिने झाले होते मला त्या गावात. जे. पी. नगरला पुण्यामुंबईच्या मुलींबरोबर राहायची, मेसचं जेवायची, कंपनीच्या बसने जायची, दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. भाजी कधी घेतली नाही की रिक्षावाल्याशी दोन वाक्यं बोलले नाही. "स्वल्प" म्हणजे थोडं आणि "सरी" म्हणजे बरं, एवढ्या दोन शब्दांवर माझं चाललं होतं आणि कानडी शिकायची गरजच पडत नाही, असं मी घरी पत्रात ऐटीत लिहायची.

रविवारी वॉर्डाच्या व्हरांड्यात आम्ही तालीम करायचो. भिंतीला तोंड करून दोन खुर्च्या मांडायच्या, दादाच्या कमरेवरून चादरीचा पट्टा घ्यायचा आणि घड्याळ लावून बसायचं. पहिल्या रविवारी तो दहा मिनिटांत उठून पळाला. चौथ्या रविवारी पुरा दीड तास बसला आणि म्हणाला, "आता उतरायचं ना?" मला तिथेच रडू आलं.

विमान दुपारचं होतं. मी साडेतीन तास आधी जाऊन पोचले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आणि आमचं तर सगळं गुडघ्यांवरच अडलेलं. काउंटर उघडलासुद्धा नव्हता. दादाच्या आजाराचं मी विमान कंपनीला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी पत्रं मागितली असती, नाही तर सरळ नाही म्हटलं असतं. काउंटर उघडायच्या सुमारास दादाला लघवीला लागलं, मी त्याला घेऊन गेले, आणि तेवढ्यात माझ्यापुढे एक जण लागला.

"पहिल्या रांगेत मधली आणि कडेची देतो," क्लार्क म्हणाला. "खिडकी आत्ताच गेली."

खिडकी घेणारा बाजूलाच उभा होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळावर गंधाचं बोट, जाड भिंगांचा चष्मा, हातात स्टीलचा डबा. मी त्याला हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं, की माझ्या भावाला खिडकी द्या, तुम्ही कडेला बसा. त्याने माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, हातातल्या बोर्डिंग कार्डाकडे बघितलं आणि म्हणाला, "नोडोणा, नोडोणा."

मला त्यातला "नो" तेवढा ऐकू आला. तोही दोनदा. खिडकीतून ढगच तर बघायचे होते मेल्याला! मी वळले, पण तळहात गरम झाला होता तो झालाच.

सुरक्षा तपासणीला बायकांची वेगळी रांग असते आणि बायकांना पडद्याच्या आत नेऊन तपासतात. या दोन मिनिटांची मला आठवडाभर धास्ती होती. पुरुषांच्या रांगेत दादाच्या बरोबर मी असणार नव्हते. मी त्याला सांगितलं, "कोणाशी बोलू नको. पलीकडे भिंतीपाशी उभा राहा. मी आलेच." आतली बाई माझी पर्स उचकत होती, तेवढ्यात बाहेर कोणी तरी मोठ्याने बोललं. मी पडदा ओढून तशीच बाहेर आले.

दादा त्या चष्मेवाल्यासमोर खाली वाकला होता. त्या माणसाचा हात दादाच्या डोक्यावर होता, तो दादाला मागे ढकलत होता आणि चार लोकांत म्हणत होता, "वेडा! वेडा!"

मी धावत गेले आणि त्याच्या तोंडात भडकावली. आयुष्यात इतक्या जोरात मी कोणाला मारलं नाही. चष्मा उडाला, त्याची काच भुवईत घुसली आणि रक्त गंधावरून वाहून शर्टावर आलं. डबा खाली पडला आणि दहीभात फरशीवर सांडला. तो दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरून परत म्हणाला, "वेडा, वेडा," आणि मला वाटलं, अजून म्हणतोय! रक्त आलं तरी अजून म्हणतोय! मी दुसरी दिली.

तिसरी मला द्यावी लागली नाही. बाईने पुरुषाला मारलं म्हणजे त्याने काय केलं असणार, हे आपल्याकडे विचारावं लागत नाही. एकाने त्याची कॉलर धरली, दुसऱ्याने पाठीत गुद्दा घातला. टाय लावलेला एक तरुण, जो मघापासून शांतपणे पेपर वाचत होता, तो पेपरची घडी करून आला आणि लाथ मारून गेला. बंदूकवाला शिपाई आला आणि त्याने बंदुकीच्या दस्त्याने त्या माणसाच्या पोटात ढोसलं. तो माणूस गुडघ्यांवर बसला. आगगाडीचा डबाच होता तो. फक्त या वेळी मी मारणाऱ्यांच्या बाजूला होते आणि मला सांगायला लाज वाटते, की मला बरं वाटत होतं.

पडद्यातली बाई माझ्या मागे आली होती. तिने माझा दंड धरला. "मॅडम, हाथ लगाया क्या उसने?"

त्याने मला हात लावला नव्हता. हे मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर काय सांगणार? माझ्या भावाला वेडा म्हणाला, असं? मग त्यांनी दादाकडे बघितलं असतं, तो असा का उभा आहे विचारलं असतं, कागद मागितले असते. आम्हाला दोघांना बाहेर काढलं असतं. मग परत गाडी, परत बाकं, परत ओढणी. स्पीकरवर पुण्याच्या विमानाचं नाव घेत होते.

मी मान डोलावली.

"सरी," ती म्हणाली आणि शिपायाला कानडीत काही सांगितलं. त्यांनी त्या माणसाला उठवलं, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि मागच्या दाराने घेऊन गेले. जाताना त्याने मान वळवून बघितलं, पण माझ्याकडे नाही, दादाकडे. कोणी तरी मला पाणी आणून दिलं. कोणी म्हणालं, शाब्बास. दादा भिंतीला पाठ लावून उभा होता, मी सांगितलं होतं तस्साच.

विमानात शिरलो. पडद्यामागची पहिली रांग साहेबाने सांगितल्यासारखीच होती. समोर नुसती भिंत, गुडघ्यांपुढे हातभर जागा. खिडकी आता रिकामीच आहे, तिथेच बसवू याला, असा मी हिशेब केला. पण माझ्या आधी दादाच आत सरकला आणि खिडकीत बसला.

"थांब, आपली मधली आणि कडेची आहे," मी म्हणाले. "कोणी विचारलं तर..."

"माझी हीच आहे," दादा म्हणाला आणि खिशातून बोर्डिंग कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्यावर खिडकीचा नंबर होता.

"हे कुठून आलं?"

"काकांनी दिलं. मी म्हटलं, किटकी बेकु. त्यांनी हे दिलं, माझं घेतलं. मग मी पाया पडलो."

तेवढ्यात हवाई सुंदरी गोळ्यांचं आणि कापसाचं तबक घेऊन आली. दादाने तबकावरून हात हलवला आणि म्हणाला, "बेडा."

"कोणाला वेडा म्हणतोस?" मी ओरडलेच.

"वेडा नाही गं. बेडा." तो मला समजावत होता, हळू, वॉर्डातले लोक त्याला समजावत तसं. "किटकी म्हणजे खिडकी. बेकु म्हणजे पाहिजे. बेडा म्हणजे नको. गोळी नको, जेवण नको, मारू नको, सगळ्याला बेडा. पाया पडायला लागलो तर काका म्हणाले, बेडा, बेडा. मोठ्या माणसांना लाज वाटते ना."

"मला तर ते नो म्हणाले होते."

"नोडोणा म्हणाले. नोडोणा म्हणजे बघू या."

तीन महिने तो भिंतीआड होता आणि तो कानडी शिकला. सहा महिने मी गावात मोकळी फिरत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. रक्ताने माखलेला तो माणूस हात जोडल्यासारखे धरून मला म्हणत होता, मारू नको, आणि मी त्यावर दुसरी मारली होती.

विमानाचं दार अजून उघडं होतं. हे मी लिहितेय, कारण आजवर कोणाला सांगताना मी ते बंद झालं होतं असंच सांगितलंय. दार उघडं होतं. शिडी लागलेली होती. उन्हात एक माणूस कागदावर सही करत होता. मी उठून चार पावलं गेले असते आणि म्हणाले असते, त्याची काही चूक नाही, मी खोटी मान डोलावली, तर त्याला सोडलं असतं आणि आम्हाला उतरवलं असतं. मी पट्ट्याला हात घातला. दादाचे गुडघे बघितले आणि हात काढून घेतला. मग दार लावल्याचा आवाज आला. मी दादासाठी बसून राहिले, असं म्हणायची सोय आहे. खरं म्हणजे मला भीती वाटली. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. नंतर कित्येक वर्षं त्या गावात काढली, कानडीही आली, पण विचारायला गेले नाही.

विमान वर गेलं. माझ्या शेजारची कडेची सीट रिकामी होती. पुढे कोणी नाही, शेजारी कोणी नाही. साध्या वर्गात याहून आरामाची जागा पुढे मला कधी मिळाली नाही. पण दादा गुडघे घट्ट जुळवून, दोन्ही हातांनी आवळून बसला होता. ओठ गच्च मिटलेले. तालमीत तो कधी असा बसला नव्हता.

"दादा, पाय पसर ना. बघ किती जागा आहे."

तो हलला नाही.

"कोणी टेकणार नाही तुला. मी आहे ना."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं, की मी आहे म्हणूनच तो तसा बसलाय. तो मला घाबरला होता. आजवर तो बापाला, डॉक्टरला, गाडीतल्या लोकांना घाबरला होता. मला पहिल्यांदाच.

"ओढणी दे," तो म्हणाला.

मला वाटलं, थंडी वाजतेय. मी काढून दिली. त्याने ती मांडीवर ठेवून नीट पीळ दिला. मग माझे दोन्ही हात धरून एकमेकांजवळ आणले आणि मनगटांभोवती ओढणी गुंडाळायला लागला.

"हे काय करतोस?"

"मारणाऱ्याला बांधतात," तो म्हणाला. रागाने नाही. नियम सांगावा तसा.

मी हात मागे घेतले नाहीत. त्याने सावकाश एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली आणि ओढणीखाली बोट घालून बघितलं.

"घट्ट झालं का?" त्याने विचारलं.

गाडीत मी त्याला हे विचारलं नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली. मग दादाने गुडघ्यांवरचे हात काढले, चपला सोडल्या आणि दोन्ही पाय समोर लांब केले.